आधी पहिलं जागेवर

माझ्या थोरल्या जाऊबाईंसारखी दुसरी बाई मी पाहिली नाही. देवाने चुकून घडवली असेलच, तर तिला माझ्या घरापासून लांब ठेवावं एवढीच माझी विनंती आहे. मला एक पुरते.

मी शिवणकाम करते. खालच्या खोलीत माझं मशीन, माझं कापायचं टेबल आणि माझा पसारा. वरच्या खोलीत जाऊबाई. मोठे भावोजी गेले तेव्हापासून त्या वर एकट्याच असतात, म्हणजे झोपायला वर असतात. बाकी चहा खाली, जेवण खाली आणि मला शिकवणं तर अखंड खालीच. मी कात्री ठेवून टेपकडे हात नेला, की मागे कात्री खिळ्यावर गेलेली असते. बॉबिन काढून बाजूला ठेवली, की बॉबिन डबीत. वर ते ठरलेलं वाक्य: "आधी पहिलं जागेवर, मग दुसरं हातात." आमचे हे म्हणतात, तुझा पसारा आणि वहिनीची शिस्त यांच्या भांडणावरच हे घर उभं आहे.

ही शिस्त आली कुठून तेही सांगते. जाऊबाई रेल्वेच्या यार्डात सिग्नल केबिनमध्ये काम करतात. उंचावर एक लाकडी खोली, तीन बाजूंनी काचा, आणि मधोमध छातीएवढ्या उंच लोखंडी लिव्हरची लांबलचक रांग. एक लिव्हर ओढला की लांबवर कुठेतरी रूळ सरकतो, दुसरा ओढला की सिग्नल पडतो. गाडी आपल्या वाटेने निघून गेली की ओढलेला प्रत्येक लिव्हर परत लावायचा. तो परत लागल्याशिवाय दुसऱ्या गाडीला हो म्हणायचं नाही. घामाने लोखंड गंजतं म्हणून लिव्हर उघड्या हाताने धरायचा नाही, फडक्याने धरायचा. ही फडकी मी शिवून देते, पडद्यांच्या उरलेल्या तुकड्यांची. त्यामुळे रेल्वे चालवण्यात माझाही थोडा वाटा आहे असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असते.

तर ती केबिन बंद होणार अशी बातमी आली. लिव्हर जाणार, त्यांच्या जागी कंट्रोल रूममध्ये एक पॅनल येणार, सगळं काम कॉम्प्युटरवर. केबिनच्या लोकांचं काय, तर त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. ज्यांना कॉम्प्युटरचं प्राथमिक प्रोग्रॅमिंग शिकून परीक्षा पास होता येईल, त्यांना त्या नव्या पॅनलच्या तपासणीच्या कामावर घेणार. बाकीच्यांची बदली. बदलीची जागा इतकी दूर, की तिथून माणूस सणासमारंभालाही धड परत येत नाही.

जाऊबाईंनी चहाचा कप धुतला, पुसला, फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "मी परीक्षेला बसते."

मी म्हटलं, "जाऊबाई, तुम्हाला मोबाइलवर फोटो पाठवता येत नाही."

"येत नव्हतं शिवणयंत्राचा पट्टा बसवायलाही. तुझा कोणी बसवला मग?"

मी बॉबिनमध्ये दोरा भरायला घेतला. पण खरं सांगायचं तर माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या गेल्या तर या घरात माझ्याशी भांडायला कोण उरणार? आमचे हे तर भांडण सुरू झालं की चप्पल घालून बाहेर जातात.

वर्ग संध्याकाळी भरायचा, रेल्वेच्याच एका गोदामाच्या माडीवर. शिकवायला एक तरुण बाई होत्या. कीबोर्डवर त्यांची बोटं अशी पडायची, की खाली रस्त्यावर आवाज यावा. जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव टकटक बाई ठेवलं. पण नाव ठेवलं तरी मान दिला, तोही मनापासून. "शिकवते छान," म्हणाल्या. "एकदा सांगते, आणि मग आपल्याला चुकू देते."

सराव मात्र माझ्या टेबलावर. माझी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप मागे राहिला होता. तो मांडायला माझं कापड सरकवायचं, टाचण्या गोळा करायच्या, खडू बाजूला करायचा. हे सगळं जाऊबाई माझ्यापेक्षा नीट करायच्या, म्हणून तर जास्त राग यायचा.

आणि प्रश्न तरी काय? दिलेली अक्षरं उलट्या क्रमाने लिहा. संख्येतल्या अंकांची बेरीज करा. संख्या सम की विषम ते सांगा. शब्द दोन्ही बाजूंनी सारखाच वाचला जातो का ते पाहा. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "एवढे शिकलेले लोक दिवसभर हे करतात? शब्द उलटे करत बसतात?"

"तू उलटं शिवून सुलटं करतेस ना? मग?" जाऊबाई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या.

त्यांची काम करायची रीत बघण्यासारखी होती. केबिनमध्ये जसं प्रत्येक गोष्ट आधी मोठ्याने म्हणायची आणि मग करायची, तसंच इथेही. "शेवटचं अक्षर उचललं. पुढे ठेवलं. ठेवलं." मग दुसरं. मी काज करत बसलेले असायचे आणि नको नको म्हणताना माझे कान तिकडे जायचे. हळूहळू मला कळायला लागलं की कॉम्प्युटर म्हणजे अतिशय आज्ञाधारक आणि अतिशय मठ्ठ नोकर आहे. त्याला "अंकांची बेरीज कर" म्हणून चालत नाही. शेवटचा अंक काढ, बाजूच्या बेरजेत टाक, तो अंक संख्येतून उडव, उरलेल्या संख्येचा पुन्हा शेवटचा अंक काढ, असं घास भरवल्यासारखं सांगावं लागतं. जाऊबाई न कंटाळता भरवायच्या. मी असते तर मशीन खिडकीतून फेकलं असतं.

सगळं बरोबर करायच्या, आणि उत्तर चूक यायचं.

दररोज हेच. 'कखगघ' दिलं तर 'घगखक' यायला हवं, यांचं यायचं 'कखगघ'. जसं दिलं तसं. तीनशे बावन्नच्या अंकांची बेरीज दहा यायला हवी, यांची शून्य. स्क्रीनवर लाल रंगात 'चूक' असं यायचं आणि जाऊबाई ते शांतपणे वाचायच्या, जणू कुणा दुसऱ्याच्या गाडीला उशीर झाला आहे. पण चहा निम्मा तसाच राहायचा.

शेवटी टकटक बाईंनी एक दिवस त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं आणि ओळीओळीने सगळं वाचलं. वाचता वाचता त्या थांबल्या, पुन्हा वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुमचं उत्तर बरोबर येतंय. आणि नंतर तुम्हीच ते पुसून टाकताय."

"पुसत नाही," जाऊबाई म्हणाल्या. "परत लावते."

हे मला घरी येऊन त्यांनीच सांगितलं. अक्षरं उलटी करून झाली, की त्या ती पुन्हा सुलटी करून ठेवायच्या. बेरीज झाली, की बेरजेत टाकलेला एकेक अंक परत काढून घ्यायच्या. काम झालं की लिव्हर परत, हे त्यांच्या हाडात बसलं होतं. आणि हे सगळं उरकल्यावर, सगळं जागच्या जागी गेल्यावर, कॉम्प्युटरला सांगायच्या, की आता उत्तर दाखव. तो बिचारा काय दाखवणार? वर्गात हसू पिकलं म्हणे. टकटक बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "परत लावू नका. इथे गरज नाही." जाऊबाई हो म्हणाल्या, घरी आल्या, आणि पुन्हा परत लावलं.

"अहो, का?" मी ओरडले.

"हात जातो गं. गाडी गेली की हात जातोच."

मी तेव्हा पडद्याची लांब शिवण मारत होते. रागाच्या भरात मशीन थांबवलं आणि म्हटलं, "पण गाडी गेली कुठे? शिवण चालू असताना मी कापड दाबणारा मशीनचा पाय उचलते का? शिवण संपते, सुई वर येते, मग पाय उचलते. तुमची गाडी अजून रुळावर उभी आहे आणि तुम्ही खालचे रूळ सरकवताय!"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मशीनच्या पायाकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे.

"म्हणजे उत्तर दाखवणं ही गाडी."

"मला काय माहीत? मी आपली शिवणकाम करणारी."

त्यांनी एकच ओळ उचलून वर ठेवली. आधी उत्तर दाखव, मग सगळं परत लाव. स्क्रीनवर 'घगखक' आलं, आणि खाली हिरव्या रंगात 'बरोबर'. जाऊबाईंनी मला मिठी वगैरे मारली नाही, तसल्या त्या नाहीतच. त्यांनी माझी कात्री खिळ्यावर अडकवली. पण जाताना जिन्यात त्या गुणगुणत होत्या, हे मी ऐकलं.

त्यानंतर आला बिटचा भाग, आणि तिथून पुढे मी नुसती तोंडात बोट घालून बघत राहिले.

कॉम्प्युटरच्या पोटात संख्या म्हणजे आपल्यासारखे अंक नसतात म्हणे. तिथे नुसत्या खुणा असतात, प्रत्येक खूण एक तर पडलेली नाही तर उभी. अशा एका खुणेला बिट म्हणतात. वर्गातले बाकीचे लोक, ज्यांना अक्षरं आणि अंक सहज जमले होते, ते इथे अडखळले. जाऊबाई मात्र घरी आल्या त्या जिना चढल्याच नाहीत, थेट माझ्या बटणांच्या डब्याला हात घातला.

"बस इथे," म्हणाल्या. "हे चार लिव्हर." त्यांनी चार मोठी बटणं ओळीत पालथी मांडली. "उजवीकडचा पहिला एकाचा. त्याच्या शेजारचा दोनाचा, मग चाराचा, मग आठाचा. आता तेरा कर."

मी म्हटलं, "मला पडदे द्यायचेत."

"आठ, चार आणि एक ओढ."

मी ती तीन बटणं उताणी केली. दोनाचं तसंच पालथं. झाले तेरा. मला नको असताना मजा वाटली. त्या सांगत होत्या, की कुठला लिव्हर ओढलेला आहे हे कसं विचारायचं, बाकीच्यांना धक्का न लावता एकच कसा ओढायचा, एकच कसा परत लावायचा. त्यासाठी कॉम्प्युटरची वेगवेगळी चिन्हं होती, पण ती चिन्हं जाऊबाईंना पाठ करावी लागली नाहीत. हे सगळं त्यांच्या दंडांना आधीच येत होतं, फक्त नावं नवी होती.

"आणि हे बघ. हे टकटक बाईंनी आज शिकवलं." त्यांचा आवाज जरा खाली आला. "पुष्कळ संख्या दिल्यात. प्रत्येकीला जोडी आहे, एकीलाच नाही. ती एकटी शोधायची. कशी शोधशील?"

"जोड्या लावीन. मोज्यांच्या लावते तशा."

"आणि हजार असतील तर? आणि टेबलावर जागा नसेल तर?" त्यांनी चारही बटणं पुन्हा पालथी केली. "पाच, तीन आणि पुन्हा पाच. पाच म्हणजे एकाचं आणि चाराचं. उलट ती."

मी उलटली. ती दोन उताणी झाली.

"आता तीन. एकाचं आणि दोनाचं. जे असेल त्याच्या उलट कर."

एकाचं पुन्हा पालथं झालं, दोनाचं उताणं. समोर नुसता गोंधळ दिसत होता. माझा विश्वास उडायला लागला.

"आता पुन्हा पाच."

एकाचं उताणं. चाराचं पालथं. मी बघितलं. एकाचं आणि दोनाचं, दोनच बटणं वर होती. तीन. जोडी नसलेले तीन.

"दोनदा हात लागला, की जो तो आपल्या जागी जातो," जाऊबाई म्हणाल्या. "कितीही गाड्या येऊ दे, कुठल्याही क्रमाने येऊ दे. ओढलं आणि परत लावलं, की जणू काही झालंच नाही. शेवटी ओढलेलं काय राहिलं, तर जो परत लावायचा राहून गेला तो." त्यांनी एक उताणं बटण बोटाने सरळ केलं. "इतकी वर्षं मी तेच करत होते आणि मला ठाऊक नव्हतं, की याच्यात इतकं काही आहे."

मी बटणांकडे बघत राहिले. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी म्हटलं, "झालं असेल तर माझी बटणं डब्यात भरा." त्यांनी ती भरलीच होती. या बाईचं मला मनापासून कौतुक वाटत होतं, आणि ते तिला सांगण्यापेक्षा मी जीभ चावून मेले असते.

परीक्षा जवळ आली तशी माझी झोप उडाली, त्यांची नाही. सराव परीक्षेत त्यांचे शेवटचे प्रश्न राहून जायचे. कारण तेच. प्रत्येक उत्तरानंतर ते परत लावणं, त्याच्यासाठी वेगळ्या ओळी लिहिणं, त्या तपासणं. टकटक बाईंनी हात टेकले. एकदा मी जाऊबाईंना आणायला गेले, तेव्हा त्यांनी मला वर्गाच्या दारात गाठलं आणि म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा त्यांना. परीक्षेत वेळ मोजका असतो. कुणी बघायला येत नाही, मागे काय कसं पडलंय ते."

मी घरी आले आणि जाऊबाईंना मशीनपुढे उभं केलं. "यावर हात ठेवा आणि शब्द द्या. परीक्षेत काही परत लावायचं नाही."

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही. तुमची ती शिस्त ठेवा गुंडाळून. तुम्ही तिकडे लांब जाऊन बसलात तर मी काय करू? कुणाला बोलू? हे तोंड उघडत नाहीत, मुलगी इथे नाही. मला तुमच्याशिवाय या घरात करमणार नाही, कळलं का?"

इतकं मला बोलायचं नव्हतं. ते बोलून गेले. जाऊबाईंनी मशीनवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दिला शब्द."

परीक्षेला मी सोबत गेले. आत सोडत नव्हते, म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसले. दाराला एक काच होती आणि काचेतून जाऊबाईंची पाठ आणि उजवा हात दिसत होता. त्यांनी माऊस फडक्याने धरला होता. मी शिवलेलं, निळ्या पडद्याचं. शेजारची पोरगेली माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि जाऊबाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. सुरुवातीला त्यांचा हात भराभर चालत होता, इतका भराभर मी कधी पाहिला नव्हता. शब्द पाळतायत, मी मनात म्हटलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. मग एकदम हात थांबला. बराच वेळ थांबला. मग चालू लागला तो सावकाश, त्यांच्या नेहमीच्या चालीने.

त्या सगळ्यांच्या शेवटी बाहेर आल्या. फडक्याची घडी घालून पर्समध्ये ठेवली. माझ्या शेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी शब्द मोडला."

मी बाकावरच त्यांच्याकडे वळले.

"अक्षरांचे प्रश्न होते, अंकांचे होते, तिथे पाळला. उलटं केलं आणि तसंच टाकून पुढे गेले. अंगावर काटा यायचा, पण टाकलं. मग बिटचा प्रश्न आला. कंट्रोल रूममधल्यासारखं सरावाचं पॅनल जोडलं होतं. स्क्रीनवर लिव्हरची रांग. त्यातले किती ओढलेले आहेत ते मोजायचं. टकटक बाईंनी शिकवलेली युक्ती आहे ना, एकेक ओढलेला लिव्हर पाडत जायचं आणि किती पाडले ते मोजायचं. मोजले. उत्तर दाखवलं. बरोबर आलं." त्यांनी पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. "आणि मागे सगळी रांग पडलेली. पुढचा प्रश्न समोर होता, शेवटचाच. मला पुढे जाता येईना. मी एकेक लिव्हर परत उभा केला, जो जसा होता तसा. त्यातच वेळ संपला. शेवटचा प्रश्न मी वाचलासुद्धा नाही."

"जाऊबाई!"

"ती अक्षरं होती गं, ते अंक होते. पण हे लिव्हर होते."

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. व्हरांड्यातल्या शिपायाने मान वळवली इतकं बोलले. त्या ऐकत होत्या. घरी आल्यावर त्यांनी माझ्या टेबलावरची कात्री उचलली, खिळ्यावर अडकवली आणि वर गेल्या. त्या संध्याकाळी त्या चहाला खाली आल्या नाहीत, आणि मीही हाक मारली नाही. मशीनवर बसले आणि सरळ शिवण मारता मारता वाकडी मारली.

पुढचे दिवस घरात शोककळा पसरावी तसे गेले. जाऊबाई कामावर जात होत्या, येत होत्या. एकदा जिन्यात त्या बॅगेची धूळ झटकताना दिसल्या, मोठी बॅग, प्रवासाची. मी नाक मुरडून आत गेले आणि आत जाऊन रडले.

मग एका दुपारी दारात टकटक बाई उभ्या. धापा टाकत होत्या. "ताई आहेत?"

"कामावर आहेत. येतीलच एवढ्यात. तुम्ही बसा." मी कापड सरकवून स्टूल रिकामं केलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी बटणं निवडत होते, निवडलेली पुन्हा डब्यातच टाकायला लागले.

त्यांना थांबवेना. "तुम्हालाच सांगते आधी. निकाल लागला. ताईंचं एका अक्षरांच्या प्रश्नात थोडं चुकलं, शेवटचा तर राहिलाच. तरीही घेतलंय त्यांना. यादीत त्यांचं नाव पहिलं आहे."

"म्हणजे? कसं?"

"तो बिटचा प्रश्न. कंट्रोल रूमच्या साहेबांनी स्वतः घातला होता. तो कशासाठी होता ते मलाही ठाऊक नव्हतं." त्यांनी पाण्याचा पेला एका दमात संपवला. "बहुतेक सगळ्यांनी बरोबर मोजलं. पण नंतर साहेबांनी पॅनल कसं आहे ते बघितलं. जवळजवळ प्रत्येकाने ते पाडून ठेवलेलं. ते म्हणाले, ही माणसं उद्या चालू पॅनलची तपासणी करणार. रुळावर गाड्या असताना. मोजणारे मला पुष्कळ मिळतील, मला मोजून झाल्यावर होतं तसं करून ठेवणारी माणसं हवीत. ज्यांना सांगावं लागणार नाही अशी."

टकटक बाई हसल्या, आणि डोळे पुसले. "आणि मी त्यांना रोज सांगत होते की परत लावू नका. बरं झालं, ऐकलं नाही."

मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. जाऊबाई दारात उभ्या होत्या. कधी आल्या, किती ऐकलं, कुणास ठाऊक. पर्स हातातून पडली होती, फडकं, चष्म्याचं घर, किल्ल्या सगळं उंबऱ्यात पसरलं होतं. त्यांनी ते उचललं नाही. चपला काढल्या त्या दोन दिशांना. आत आल्या त्या टेबलाला धडकल्या, आणि माझा बटणांचा डबा कलंडून सगळी बटणं फरशीवर पसरली. त्याकडेही त्यांनी पाहिलं नाही. माझ्या मशीनच्या स्टुलावर, माझ्या अर्ध्या शिवलेल्या पडद्यावर त्या मटकन बसल्या आणि तोंड झाकून रडायला लागल्या. मोठे भावोजी गेले तेव्हा त्या अशा रडल्या नव्हत्या. तेव्हा घरातलं सगळं बघायचं होतं.

इतक्या वर्षांत या बाईने एखादी वस्तू पडू दिलेली मी कधी पाहिली नव्हती. टकटक बाई बावरून उठल्या. मी त्यांना खूण केली, असू दे म्हणून.

मी खाली बसले. किल्ल्या उचलल्या, चष्म्याचं घर उचललं, फडक्याची घडी घातली आणि सगळं पर्समध्ये ठेवलं. दोन्ही चपला जोडीने दाराशी लावल्या. मशीनखाली, टेबलाखाली, कोपऱ्यात, जिथे जिथे बटणं गेली होती तिथून एकेक वेचलं, डब्यात भरलं, झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवला. टेबलावर कात्री होती, ती खिळ्यावर अडकवली.

मग जाऊबाईंना जवळ घेतलं.